सहाशे सतरा नंबरचा डाव

सावली, जि. चंद्रपूर
८ ऑगस्ट २००८

एवढं पांढरंशुभ्र मशीन धाडलंस, अन् त्याच्यात पत्त्याचा डावच नाई! कायले धाडलंस मग? झाकणावर दात मारलेलं सफरचंद आहे. आजीले उष्टं फळ धाडाची रीत पुण्याची असन, सावलीची नाई. जुन्या माऊसले दोन बटणं होते, या सपाट पाटीले एकच. मी निरा पालथं घातलं मशीन. फोटो आहे, गाणे आहे, घड्याळ आहे. फ्रीसेल नाई.

चि. खुशबूले आजीचा जय भीम अन् अ. आ. राग पहिले लिहिला, कारण राग पोटात ठेवून आशीर्वाद देल्ला तर तो लागत नाई.

इकडे सगळे ठीक. धानाचं रोवणं आटपलं. तुये आजोबा गुडघ्याले तेल लावते अन् मी लावलं नाई म्हणून गावभर सांगते. तुया कोर्ससाठी घेतलेला जुना कम्प्युटर मेला हे तुले फोनवर सांगतलं, कसा मेला ते राह्यलं. डब्ब्यात पाल शिरली. ठप्प झालं, जळका वास आला, पाल बी गेली अन् कम्प्युटर बी. तुया आजोबानं मले न विचारता तो भंगारवाल्याले देऊन टाकला.

आता तू म्हणशीन, म्हातारीले खेळाचं एवढं काय. तर ऐक. मागच्या घरची खैरुन, तुले लहानपणी खिमा खाऊ घालाची ते, तिच्या पोरानं, बाबूभाईनं, वरोऱ्याले मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं तेव्हापासून तिकडेच गेली. चाळीस वर्सं आमची दुपार एका ओट्यावर गेली. तूच आम्हा दोघींले हा खेळ शिकवून पुण्याले पळाली. बावन्न पत्ते आठ उभ्या रांगांत उघडे पडते, अडला पत्ता ठेवाले वर चार कोनाडे, एक्क्यापासून चारही रंग घरी नेले का डाव सुटला. अन् असे बत्तीस हजार डाव, परत्येकाले नंबर. तोच नंबर टाकला का तेच पत्ते पडते, सावलीले बी अन् वरोऱ्याले बी. म्हणून आमचं ठरलं. एकीनं पत्रात नंबर धाडाचा, दोघींनं तोच डाव लावाचा, जिले सुटला नाई तिनं कागदावर हारली असं लिहून सही करून धाडाची. फोनवर नाई. फोनवर खैरुन हरली का तिले ऐकूच येत नाई. तिचे नऊ कागद मायाजवळ आहे. माये सात तिच्याजवळ आहे, ते अकरा म्हणते. बोलाले काय लागते.

आता नंबर धाडाची पाळी तिची. तिचा नंबर यायच्या आत या मशीनमध्ये खेळ पाहिजे. नाईतर सफरचंद वापस घेऊन जा अन् एखादी पाल न शिरलेली मशीन धाड.

माया ठेवजो, जेवत जाजो.
तुयी आजी अंजनाबाई


पुणे
१९ ऑगस्ट २००८

ती. आजीस खुशबूचा जय भीम. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि पालीच्या जागी मोठ्यानं हसले. साहेबांनी विचारलं काय झालं. घरी एक मृत्यू झाला असं सांगितलं, तर ते बिचारे उभे राहिले. तुझ्यामुळे मला आता महिनाभर गंभीर चेहरा ठेवावा लागणार.

आजी, तुझा जुना खेळ विंडोजचा. हे मशीन वेगळ्या घराण्याचं आहे, त्याला ती भाषा कळत नाही, म्हणून तो खेळ जसाच्या तसा त्यावर चालणार नाही. पण मॅकसाठी कुणीतरी तसाच खेळ केला आहे. आठ रांगा, चार कोनाडे, नंबर टाकायची जागा, सगळं तेच. सोबतच्या सीडीत तो टाकला आहे. मशीनच्या उजव्या बाजूला फट आहे, तिच्यात सीडी ढकल. मशीन ती गिळून टाकेल, घाबरून ओढत बसू नकोस. पुढचं सगळं दुसऱ्या कागदावर आकडे घालून लिहिलं आहे. आजोबांना वाचायला सांग, बटण तू दाब. उलट करू नका.

खोलीवर भाजी रोज दुधीचीच असते, बाकी मजेत आहे. १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर चंद्रपूरला यायचं ठरवलं आहे. खैरुन आजीला माझा सलाम लिही आणि तिच्याशी भांडू नकोस.

तुझा राग लागला, तसा आशीर्वादही लागू दे.
तुझी खुशबू


वरोरा
१ सप्टेंबर २००८

अंजनाबाईले खैरुनचा सलाम. सगळे खैरियत आहे, तुयी खैरियत पाह्यजे.

हे पत्र मी मायाच हातानं लिहून राह्यली, म्हणून अक्षर मुंगीसारखं चालून राह्यलं. नाहीद म्हणे मी लिहून देते. मायी सून कम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, तिचं अक्षर छापल्यावानी आहे. पण मी म्हटलं अंजनाच्या पत्राले मायाच हात पाहिजे, नाईतर ते म्हणन सून खेळली अन् सासूनं सही केली.

वरोरा भल्लं आहे, पण इथी दुपारले कोणी ओट्यावर बसत नाई. सगळे दुकानात नाईतर टीव्हीसमोर. पोळ्याले बैल पाह्यले तर सावलीची याद आली. तुया नवऱ्यानं बैलाच्या शिंगाले माया बांगड्यांचा रंग लावला होता, ते बी याद आलं.

आता नंबर. सहाशे सतरा. बाई, जालीम डाव आहे. चारही एक्के वरच्या दोन ओळींत गाडलेले, त्याच्यावर सगळी फौज बसलेली. सहाव्या रांगेत वरून पाह्य, तीन अठ्ठ्या एकाखाली एक उभ्या, किलवर, बदाम, चौकट, जशा रेशनच्या लाइनीत बाया. मले पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी सुटला तर मी बाबूभाईच्या दुकानात जाऊन सांगतलं, गिऱ्हाईक पाहतच राह्यलं. कसा सुटला ते सांगणार नाई. बस आता अन् लाव.

तुयाकडे पोस्टमन आला का मायी आठवण होऊ दे.
खैरुन


सावली
७ सप्टेंबर २००८

खोटंच बोलाचं होतं तर उलसं पचन असं तरी बोलाचं होतं खैरुन.

खुशबूनं सीडी धाडली, खेळ बसला. तुया सहाशे सतरा टाकला. चुलीवर भात ठेवला होता, तो शिजाच्या आत डाव सुटला. चारही एक्के गाडलेले म्हणे! दोन एक्के तर रांगेच्या टोकाले उघडे बसले होते, मले पाहून हात हालवत होते. तिसऱ्यावर एकच पत्ता. अन् ते तुया रेशनची लाइन कुठी आहे? सहाव्या रांगेत मले एकच अठ्ठी दिसली, ते बी इस्पिकची. मी तुया आजोबाले, म्हणजे खुशबूच्या आजोबाले बोलावून दाखवलं. त्यायनं बी एकच मोजली.

मग पाच दिवस तू काय सोडवत होती? सोपा डाव घेतला, वर पाच दिवसांचा डोंगर रचला, म्हणजे अंजना घाबरन. तुयी नजर गेली का नियत गेली, हे एकदाचं सांगून टाक. नजर गेली असन तर ब्रह्मपुरीले डोळ्याचं शिबिर आहे. नियतीचं शिबिर मले माहीत नाई.

हारलीचा कागद मी धाडत नाई, कारण मी हरली नाई. तूच एक धाडून दे. खोटी म्हणून.

पोट्ट्यासोट्ट्याले आशीर्वाद. लोभ पाहिजे तर खरं बोल.
अंजना


वरोरा
१६ सप्टेंबर २००८

आदरणीय अंजना मावशी, नाहीदचा सलाम.

अम्मी सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. त्या म्हणतात, चाळीस वर्षं एका ओट्यावर बसून जिनं आज नियत काढली, तिला पुढे नंबर जाणार नाही. त्या हेही म्हणतात की जिंकलेले कागद खोट्या बाईच्या घरात शोभत नाहीत. म्हणून तुमच्या सहीचे सगळे कागद सोबत परत पाठवत आहोत.

मावशी, बाकी मी काही लिहायचं नाही असं सांगितलं आहे. तब्येत सांभाळा.
नाहीद


सावली
२५ सप्टेंबर २००८

खैरुन बैताड झाली आहे, डोकं फिरलं तिचं, हे तुले पहिले सांगून ठेवते.

चि. खुशबूले आजीचा जय भीम. तुयं १६ तारखेचं तिकीट पक्कं झालं का ते कळव. मी एकदम मजेत आहे. दुपारी झोपते. आजपर्यंत कधी झोपली नव्हती, आता झोपते, चांगली गोष्ट आहे. बचत गटाच्या बाया म्हणते अंजनाबाई तुमचा चेहरा उतरला. मी म्हटलं उतरला असन तर चढवून घेईन, तुम्ही आपलं हप्त्याचं पाहा.

खैरुननं नंबराबद्दल थाप मारली, मी तिले तोंडावर सांगतलं, म्हणजे कागदावर. तर तिनं सुनेच्या हातानं चार ओळी लिहून माये हारलीचे सगळे कागद वापस धाडले. मी सात म्हणत होती ना? मोजले. अकरा भरले. पुन्हा मोजले. तरी अकराच. तारखा बी आहे, सह्या बी मायाच आहे.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाई. तुये आजोबा म्हणते, तिच्या बकरीनं आपला दुधीचा वेल खाल्ला होता तेव्हा आपल्याले पत्ताच नव्हता, तेच बकरीले कानाले धरून घेऊन आली अन् म्हणे ही पाह्य चोट्टी. अशी बाई तीन अठ्ठ्यांसाठी कायले खोटं बोलन? मी त्यायले म्हटलं तुम्ही तेल लावा.

पण पोट्टी, तू शिकली आहेस म्हणून विचारते. मशीन खोटं बोलू शकते काय? तिनं लिहिलं सहाशे सतराच्या सहाव्या रांगेत तीन अठ्ठ्या, किलवर, बदाम, चौकट, अन् चारही एक्के वरच्या दोन ओळींत. मायाकडे त्यातलं काईच नाई. तू तिथी एखाद्या विंडोजच्या मशीनवर पाह्य. खैरुन खोटी निघाली तर मले लगेच फोन कर. खरी निघाली तर पत्र लिही, घाई नाई.

आठवण ठेवजो.
आजी


पुणे
२ ऑक्टोबर २००८

ती. आजीस सा. न. वि. वि.

फोन केला नाही, पत्र लिहिते आहे. यावरून काय ते समजलीच असशील.

ऑफिसातल्या विंडोजच्या मशीनवर सहाशे सतरा टाकला. सहाव्या रांगेत तीन अठ्ठ्या, किलवर, बदाम, चौकट. चारही एक्के वरच्या दोन ओळींत गाडलेले. मी तासभर लावून पाहिला, मला सुटला नाही. मग माझ्या मॅकवर, तुला पाठवला त्याच खेळात सहाशे सतरा टाकला, तर दोन एक्के उघडे आणि सहाव्या रांगेत एकटी इस्पिकची अठ्ठी.

चूक माझी आहे आजी. घर नंबर सतरा सावलीतही असतं आणि वरोऱ्यातही असतं, पण म्हणून दोन्ही घरांत एकच माणसं राहत नाहीत. पत्ते पिसायची प्रत्येक खेळाची आपली पद्धत असते आणि नंबर त्या पद्धतीचा असतो. विंडोजच्या खेळाचा सहाशे सतरा वेगळा, या खेळाचा वेगळा. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुम्ही दोघी दोन वेगळे डाव खेळून एकमेकींना खोटं ठरवत बसलात.

आता उपाय. तुमचा जुना, खरा खेळच तुझ्या मशीनवर चालवायचा. सगळं विंडोज भरायची गरज नाही. एक प्रोग्राम मिळतो, तो मधे दुभाष्यासारखा उभा राहतो आणि विंडोजचा खेळ मॅकला समजावतो. पण त्यासाठी जुन्या खेळाच्या दोन फाइली लागतात, एक खेळाची आणि एक पत्त्यांच्या चित्रांची. जुना कम्प्युटर भंगारात गेला. पुण्यात मला त्या कुठेही मिळतील. पण मी त्या खैरुन आजीच्या कम्प्युटरवरूनच घेणार आहे. नागपूरहून चंद्रपूरची बस वरोऱ्यावरूनच जाते. १५ तारखेला तिथे उतरेन, नाहीदकडून पेनड्राइव्हवर फाइली घेईन, जेवेन, आणि दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमी करून सावलीला येईन.

फाइली मी आणेन. माफी मात्र मी नेणार नाही, ती तुझी तू पोचव.

रागावलीस तरी माझ्यासाठी चकल्या करशीलच, या भरवशावर
तुझी खुशबू


सावली
२८ ऑक्टोबर २००८

खैरुनले अंजनाचा सलाम. पहिले सलाम लिहिते, मागच्या खेपेले राह्यला होता.

खुशबू सांगत होती तू तिले खिमा खाऊ घातला, साडी नेसवली, अन् मायाबद्दल एक शब्द विचारला नाई. फक्त ते निघताना बसस्टँडपर्यंत आली अन् म्हणे, तिचा रक्तदाब कसा आहे. रक्तदाब बरा आहे.

पोट्टीनं मशीनमध्ये दुभाषी बसवला. आपली सोमारी नाई का, दवाखान्यात गोंडी बायांचं दुखणं डॉक्टरले मराठीत सांगते अन् डॉक्टरचं ओरडणं बायांले गोंडीत मऊ करून सांगते, तसाच तो. तुया घरच्या खेळाचं बोलणं सफरचंदाले समजावून देते. त्या दुभाष्याचं नाव वाइन आहे म्हणे. दारूबंदीच्या मोर्च्यात मी पुढे चालते, अन् हे मायाच घरात. कोणाले सांगू नको. पहिल्या वेळेले खेळ उघडलाच नाई, पोट्टीनं खेळाची फाइल ठेवली अन् पत्त्याची फाइल दुसऱ्याच खान्यात राह्यली. पत्त्याशिवाय कोण खेळन? मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, तर तोच आपला हिरवा पट उघडला. कोनाड्यांच्या मधातला चित्राचा राजा मान फिरवून पाहाले लागला, जसा पाह्यचा तसा.

सहाशे सतरा टाकला. सहाव्या रांगेत तीन अठ्ठ्या. किलवर, बदाम, चौकट. मी चष्मा पुसला. अठ्ठ्या गेल्या नाई.

खुशबू म्हणते चूक मशीनची. तुये भाऊजी म्हणते चूक खुशबूची. दोघं बी मले पांघरूण घालून राह्यले. मशीननं डाव वेगळा वाटला हे खरं, पण मशीननं तुयी नियत नाई काढली. ते मी काढली. शिबिराचं बी मीच लिहिलं. मले माफी मागाची सवय नाई, साठ वर्सांत काम पडलं नाई, म्हणजे मले तसं वाटत होतं. कशी मागते ते माहीत नाई, म्हणून जे माहीत आहे ते करते.

तुये अकरा कागद वापस धाडून राह्यली. अकराच होते, मी सात म्हणत होती ते बी खोटं. ते तुये आहे, डब्ब्यात ठेव. त्याच्यासोबत बारावा आहे. त्याच्यावर लिहिलं आहे: सहाशे सतरा, अकरा दिवस लावला, सुटला नाई, हारली. खाली सही. या खेपेले तारीख मोठी टाकली.

नंबर धाडाची पाळी आता मायी, पण मी ते तुले देल्ली. धाडाचा का नाई ते तू पाह्य. दुपारी मले झोप येत नाई.

जेवढा उरला असन तेवढा लोभ दे, वर मागत नाई.
अंजना


वरोरा
१० नोव्हेंबर २००८

आदरणीय अंजना मावशी, नाहीदचा सलाम.

पाकीट मिळालं. अम्मींनी बारावा कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा स्वतः वाचला. मग दुकानात नेऊन यांनाही दाखवला. आता सगळे बारा बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि डबा त्यांच्या उशाशी आहे.

अम्मी सांगतात ते लिहिते. रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, विसरायची नाही. नियतीच्या शिबिराला त्या जाऊन आल्या, तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की तुम्ही ठीक आहात, सावलीच्या पेशंटला पाठवा. आणि नवा नंबर: अकरा हजार नऊशे ब्याऐंशी. डाव गोड आहे, अंजनासाठी मुद्दाम निवडला आहे, असं लिही म्हणाल्या.

हे सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. का हसल्या ते मला माहीत आहे, पण सांगायची मनाई आहे.

मावशी, आमच्यावर माया ठेवा आणि मला माफ करा.
नाहीद


सावली
१४ डिसेंबर २००८

चोट्टे! सव्वीस दिवस!

सव्वीस दिवस मी तुया गोड डावावर बसली खैरुन. धान कापणी झाली, गंजी लागली, मी मशीनसमोर. वरण दोनदा करपलं. राजा मान फिरवून फिरवून थकला. मग काल खुशबूचा फोन आला, तिले सहज सांगतलं अकरा हजार नऊशे ब्याऐंशी सुटून नाई राह्यला, तर ते पोट्टी हसतच सुटली. म्हणे आजी, जगभरच्या लोकायनं वाटून घेऊन ते बत्तीस हजार डाव सोडवले. सगळे सुटले. हा एक सोडून. हा आजपर्यंत कोणालेच सुटला नाई. तुया सुनेनं क्लासमध्ये वाचलं असन, अन् तू बत्तीस हजारातून तोच मायासाठी काढून ठेवला.

आता सलाम घे. तुये भाऊजी हे ऐकून एवढे हसले का तेलाची बाटली सांडली. मी त्यायच्याशी बोलणं बंद केलं आहे, तुयाशी नाई.

बरं केलंस. तुयी नियत काढली म्हणून असा डाव मले लागाचाच होता. पण तेरावा कागद धाडणार नाई. जे दुनियेले नाई सुटलं त्याच्यासाठी मी काऊन सही करू? अन् मी अजून सोडलं नाई. काल इस्पिकचा एक्का घरी गेला, दुर्री गेली, अन् मग चारही कोनाडे भरले अन् फसलं. मायी नजर एका जागी आहे, मले वाटते तिथूनच काईतरी निघन. फक्त एक कोनाडा कमी पडते. एकटीले चार कोनाडे पुरत नाई खैरुन, हे मले या सव्वीस दिवसांत समजलं. तुया डोक्यात चार असन तर आठ होते.

धान मळून झालं का जानेवारीत ये. चंद्रपूरले उतर, तिथून सावलीची बस पकड. ओटा सारवून ठेवते, मशीन बाहेर आणते, त्याले तार लागत नाई घडीभर. दुनिया गेली खड्ड्यात, आपण दोघी पाहू सुटते का. नाई सुटला तर दोघी मिळून एकाच कागदावर हारली लिहू अन् तुया सुनेले धाडू.

येणार का नाई, कोण्या तारखेले, ते लिहून कळव. तुया त्या मुंगीवानी चालणाऱ्या अक्षरात, तुयाच हातानं. नाहीद गुणाची आहे, तिले आशीर्वाद, पण तिच्या हातचा जबाब आला तर न फोडता पोस्टमनच्या थैलीत वापस टाकीन. जबाब तूच देजो.

अंजना